साहेबाचा आर्टिचोक आणि माझी हेडक्लार्कची खुर्ची

१ फेब्रुवारी १९५४, सोमवार. डोंबिवली.
आज नशिबानं दार ठोठावलं. टर्नर साहेबांच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेलो, तर टेबलावर एक हिरवं, खवल्याखवल्यांचं बोंड. साहेब म्हणाले, आर्टिचोक. क्रॉफर्ड मार्केटात ताजे आलेत, पण खानसाम्याला धड करता येत नाहीत. मी ताबडतोब म्हणालो, सर, आमच्या डोंबिवलीत घरोघरी होतात, माझी मिसेस तर एक्स्पर्ट. साहेब खूश. चौदा तारखेला, रविवारी, जेवायलाच येतो म्हणाले.
पंधराला हेडक्लार्कची जागा भरायची आहे. उमेदवार दोन. मी आणि समोरच्या टेबलावरचा विठ्ठल. साहेबांनी त्यालाही बोंड दाखवलं. हा सरळ म्हणतो, माहीत नाही सर! असा माणूस हेडक्लार्क होणार?

त्याच रात्री.
सौ.ला बातमी दिली. तिनं विचारलं, आरती चौक कुठं आला, पुण्यात का? मी हसलो. उद्या नीट समजावीन.

२ फेब्रुवारी
समजावायला उशीर झाला. सौ.नं शेजारच्या सखुबाईंना विचारलं, सखुबाईंनी चाळभर. आता गोरा साहेब चौकात आरती करायला येतोय, असा समज आहे. चाळीतले वडीलधारे अण्णा झांजा घासताना दिसले. वेळ मिळताच खुलासा करायचा.

४ फेब्रुवारी
वाचनालयातून इंग्रजी पाकपुस्तक आणलं. त्यात लिहिलंय, आधी चोक काढून टाका, मग हार्ट खा. डिक्शनरीत चोक म्हणजे गुदमरणं. गुदमरणं कसं काढून टाकायचं? ही पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी पातेलं पाहिलेलं नसतं. पुस्तक परत केलं. खुलासा राहिला.

७ फेब्रुवारी, रविवार
रंगीत तालीम. काल मार्केटातून चार बोंडं आणली होती. पाहताक्षणी ओळखलं, हे सरळसरळ केळफूल आहे. वरच्या पाकळ्या फेकायच्या, आतलं कोवळं ठेवायचं, खोबरं घालून परतायचं. सौ. म्हणाली, अहो, आत नुसते केसच केस आहेत. म्हटलं, त्याला केसर म्हणतात. खालचं जाडजूड बूड मी स्वतः कापून टाकलं.
पहिला घास घेतला आणि घशात मांजर शिरलं. अर्धा तास खोकलो. सखुबाई पाठीवर गुद्दे घालायला आल्या. निष्कर्ष : मार्केटवाल्यानं शिळा माल दिला.
ते टाकलेलं बूड सौ.नं उचलून आमटीत घातलं. वाया कशाला घालवायचं, म्हणाली. खूप छान लागलं म्हणे. मी चव पाहिली नाही. घसा नव्हताच.

१० फेब्रुवारी
ऑफिसातून आलो, तर सौ. आणि सखुबाई ओट्याशी खिदळताहेत. उरलेल्या बोंडांतलं एक अख्खंच मोदकपात्रात उकडलेलं. पाकळीचं टोक सहज सुटलं की शिजलं, असं सौ.चं संशोधन. एकेक पाकळी ओढायची, तुपात बुडवायची आणि बुडखा दातांनी खरवडून खायचा, शेवग्याच्या शेंगेसारखा. कापल्याबरोबर लिंबू चोळलं की काळं पडत नाही, हाही शोध लावलाय.
सक्त ताकीद दिली. विलायतेच्या माणसासमोर असं ओरपत बसायचं? भाजीच होईल, केळफुलाची पद्धत. सौ. बरं म्हणाली. माझा शब्द घरात चालतो, याचं समाधान वाटलं.

१३ फेब्रुवारी
ताजी सहा बोंडं आणली. अण्णांकडून टेबल आणलं. उद्याची भाषणं पाठ केली. खुलासा उद्या सकाळी नक्की.

१४ फेब्रुवारी, रविवार. रात्री ९.
साहेब टांग्यातून उतरले. अण्णांनी झांज वाजवली, सखुबाईंनी ओवाळलं, साहेबांच्या कपाळाला कुंकू लागलं. साहेबांनी हॅट काढून दोन कडवी उभ्यानं ऐकली. हा मान मी घडवून आणला, असंच त्यांना वाटलं असणार.
मी भाजी वाढली आणि हिंदुस्थानातील आर्टिचोक या विषयावर थोडं बोललो. साहेबांनी एक घास घेतला. लाल झाले. तांब्याभर पाणी प्यायले. मी म्हटलं, पहिल्यांदा असंच होतं, सर.
तेवढ्यात सौ. आतून ताट घेऊन आली. दोन अख्खी उकडलेली बोंडं, वाटीत पातळ तूप, लिंबू, मिरपूड. मी डोळे वटारले. साहेबांनी पाकळी ओढली, तुपात बुडवली, दातांनी खरवडली! पुन्हा ओढली. ताटात पाकळ्यांचा ढीग झाला. शेवटी केस चमच्यानं खरडून फेकले आणि ते बूड, मी टाकलेलं, डोळे मिटून खाल्लं. परफेक्ट, मिसेस गुप्ते, म्हणाले.
सोबत म्हणून मीही एक पाकळी घेतली होती, अख्खी. चावता येईना, थुंकता येईना. साहेबांना स्टेशनवर पोचवेपर्यंत ती गालातच होती. त्यामुळे शेवटचं भाषण राहिलं.
एकंदरीत बेत यशस्वी. सौ.ला ऐनवेळी पुढं करणं ही माझीच चाल म्हणता येईल.

१५ फेब्रुवारी
सकाळी पेढे घेऊनच ऑफिसला गेलो. नोटीस बोर्डावर विठ्ठलचं नाव. साहेबांनी बोलावून समजावलं : माहीत नसेल तेव्हा ज्याला माहीत नाही म्हणता येतं, असा हेडक्लार्क मला हवा. पेढ्यांचा पुडा शिपायाच्या हाती दिला. पेढे शिपायानं विठ्ठलच्या नावानं वाटले. विठ्ठलनं पहिला मला दिला. घेतला.
साहेबांनी एक पाकीटही दिलं. वर सौ.चं नाव.

१६ फेब्रुवारी
पाकिटात साहेबांच्या मॅडमचं पत्र. रविवारी सौ.नं बंगल्यावर येऊन खानसाम्याला आर्टिचोक शिकवावा. सोबतीला कुणी आणल्यास हरकत नाही. कुणी म्हणजे अर्थात मी. कोट इस्त्रीला टाकला.

२१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
सौ. गेली. सोबतीला सखुबाई. तुमचं तिथं काय काम, आणि तुम्हाला खोकला होतो, म्हणाली. जरीची साडी नेसली होती. चांगली दिसत होती, सांगायचं राहिलं. शेगडीवर भात ठेवून गेली आहे. फक्त लक्ष ठेवा, म्हणाली.

११-४०.
करपला.

१२-३०.
सौ.साठी चिठ्ठीचा मसुदा केला. कोळसा ओला होता, तांदूळ जुना होता, पातेलं पातळ होतं. तिन्ही कारणं खोडली. शेवटी एवढंच राहिलं : भात करपला, माझ्या हातून. ये लवकर, भूक लागली आहे.