पंखाखालचा टाका

मंगळवार, संध्याकाळ

दाजींनी गडहिंग्लजहून आणलेलं बदक आज सोललं. कॉलेजच्या संग्रहालयासाठी भुसा भरून उभं करायचंय. "तारंला धडकून मेलंय," म्हणाले. बहिणीचा नवरा म्हटल्यावर खोदून काय विचारणार? वनखात्याच्या अर्जात मीही तेच लिहिलं.

हळदीकुंकू बदक आहे. चोचीचे रंग फिके पडायच्या आत टिपून घेतले. मग कातड्याची चरबी खरवडताना पंखाखाली बंदुकीचा छर्रा हाताला लागला. एवढासा. बशीत टाकला तर टण्ण वाजला.

फोन केला. "दाजी, छर्रा गावलाय."

दाजी म्हणाले, "काढून टाक की. भायेरनं दिसतंय व्हय?"

नाही दिसत. कारण फोन करायच्या आधीच मी छर्ऱ्याचं भोक शिवून टाकलं होतं. विचार न करता. कातडं फाटलेलं दिसलं की हात आपोआप सुईकडे जातो.

ताई काय म्हणेल? बोलणं टाकेल कदाचित. पण तो बशीतला छर्रा...

अर्ज उद्या नवा लिहायचा, छर्ऱ्यासकट. आत्ता ब्लेड घेऊन बसलो आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच, नीट बसलेला टाका उसवला.