उत्तर द्यायला आलेला पक्षी

९ मार्च
डोंगरावरचं विश्रामगृह

चि. ठमीस,

आशीर्वाद. मी सुखरूप पोचले. गुडघे पोचले, चष्मा पोचला, तू बळेच कोंबलेले स्वेटरही पोचले. खालच्या जंगलात अंगाचं पाणी पाणी होतं आणि वर डोंगरावर दात वाजतात, तेव्हा स्वेटरचं तुझं बरोबर होतं. बाकी या सहलीबद्दल तुझं काहीही बरोबर नव्हतं.

तुझ्या बाबांनी दोघांसाठी जागा धरल्या आणि स्वतः निघून गेले. मग तू मागे लागलीस, आई, तू तरी जा, तुला बरं वाटेल. आले. गाडीत त्यांची जागा माझ्या शेजारी रिकामीच आहे. पहिल्या दिवसापासून सगळे तिच्यावर आपापले ओले रेनकोट टाकतात. मी काही बोलत नाही. त्या रेनकोटांना माझ्या मांडीवर ठिबकायचीही मुभा आहे.

पक्षी बघणं म्हणजे काय ते आता मला कळलं. अंधारात उठायचं, जळवा चढू नयेत म्हणून पायमोज्यात विजार खोचायची, आणि मान मोडेपर्यंत वर बघायचं. गाइड हळूच म्हणतो, "नऊ वाजता, जाड फांदीच्या मागे." मी घड्याळ पाहिलं. साडेसात. म्हटलं, नऊपर्यंत इथे उभं राहायचं की काय? आमच्यातल्या एका दंतवैद्यांची बायको हसली आणि तिने समजावलं, की समोर बारा धरायचे, डाव्या हाताला नऊ. तोवर पक्षी उडून गेलेला. दुर्बीण डोळ्यांना लावली की चष्म्यावर वाफ धरते, चष्मा काढला की जंगल पुसून जातं. सगळ्यांना सगळं दिसतं. मी आतापर्यंत पानं पाहिली.

दंतवैद्य म्हणजे आमच्यातले सगळ्यात हौशी. निवृत्त झालेत. कॅमेरा असा, की नाकापेक्षा मोती जड. दर फोटोनंतर मागे वळून सांगतात, "मिळाला." जणू दाढ उपटली.

सगळे आलेत ते एका पक्ष्यासाठी. त्याचं नाव लांबलचक आहे, पण आपल्या घरात तो केशऱ्याच. तुला आठवत असेल, बाबा लग्नाआधी रस्त्याच्या मोजणीवर या भागात होते. तंबूत पडल्या पडल्या रोज सकाळी त्याची शीळ ऐकायचे, पण तो त्यांना कधी दिसला नाही. पोट केशरी असतं हे दुसऱ्यांकडून ऐकलेलं. तेवढ्यावर जन्मभर त्याच्या गोष्टी सांगितल्या.

गाइडने पहिल्याच संध्याकाळी त्याची शीळ सगळ्यांच्या फोनमध्ये घालून दिली, ओळखायला यावी म्हणून. माझ्याही.

फोन लागत नाही म्हणून काळजी करू नकोस. इथे रेंज नाही. मी निघताना तू विचारलं होतंस, की तू फोनमध्ये घालून दिलेलं मला कसं वाटतं. त्याबद्दल सवडीने लिहीन.

आई


११ मार्च

चि. ठमीस,

विश्रामगृहाचे व्यवस्थापक भाताचं ताट ठेवता ठेवता म्हणाले, "तुमच्या मुलीचा फोन होता. विचारत होती, तिथे रेंज आहे ना, मग आई फोन बंद का ठेवते?" सगळ्यांसमोर. माझा घास हातातच राहिला. हो, बंद ठेवते. आता कळलं ना? पुन्हा माझ्या चहाड्या दुसऱ्यांकडे करू नकोस.

इथे सारखा पाऊस. कपडे वाळत नाहीत, पुस्तकाची पानं फुगलीत. संध्याकाळी मी पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन बसते. शाळा लवकर सुटली तरी वाचनाने मला कधी सोडलं नाही, हे तुला ठाऊक आहे. बाबा वाचनालयातून स्वतःसाठी पुस्तक आणायचे आणि ते माझं वाचून झाल्यावर त्यांना मिळायचं. या पुस्तकात केशऱ्याची चोच, पिसं, अंड्यांचा रंग, सगळं आहे. त्याला काय वाटतं ते नाही. तेवढ्यासाठी पान ठेवलेलं नसावं.

काल गाइडने त्याला बोलावलं. खांद्याच्या पट्ट्याला एक छोटा स्पीकर असतो, त्यावर फोनमधली शीळ लावली. थांबला. पुन्हा लावली. मग लांबून, खूप लांबून उत्तर आलं. ठमे, माझ्या अंगावर काटा आला. बाबा शीळ घालून दाखवायचे अगदी तशीच. उत्तर जवळ जवळ येत गेलं, आणि दंतवैद्यांचा पाय वाळक्या काटकीवर पडला. संपलं.

परतताना दंतवैद्याच्या बायकोने विचारलं, तो येतो तरी कशाला? गाइड म्हणाला, त्याला वाटतं आपल्या हद्दीत आपल्यासारखा दुसरा आलाय. त्याला शोधत येतो.

"मग आल्यावर त्याला कोण भेटतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही, मॅडम. थोडा वेळ शोधतो, मग जातो."

मला राग आला. कुणाचा, ते तेव्हा समजलं नाही, म्हणून गाइडवर काढला. म्हटलं, दर सहलीला त्याला असं शोधायला लावता का? तो बिचारा म्हणाला, रोज नाही लावत, पण लोक एवढ्या लांबून येतात, बाई, त्यांना नुसती पानं दाखवून कसं पाठवू? त्याचंही खोटं नाही. तरी जेवताना मी त्याच्याशी बोलले नाही.

तू जे घालून दिलंस त्याचं लिहायला बसले होते. सकाळी साडेसहाला गजराऐवजी तुझे बाबा माझ्या उशाशी बोलतात. "ऊठ गं. चहा ठेवलाय. गार होईल." जुन्या कुठल्या निरोपातून तू एवढंच नेमकं काढलंस. तू ते मनापासून केलंस, ठमे, हे मला माहीत आहे. पण

दिवे गेले. उरलेलं पुढे लिहिते.

आई


१३ मार्च

चि. ठमीस,

आज सगळं लिहिणार आहे. मध्येच ठेवून स्वयंपाकघरात जाऊ नकोस, बसून वाच.

काल ओढा ओलांडताना गाइडचा फोन पाण्यात गेला. दंतवैद्यांच्या फोनची बॅटरी संपलेली, त्यांच्या बायकोने आणि बाकीच्यांनी आपापले खोलीवरच ठेवलेले. केशऱ्याच्या जागेवर आम्ही उभे, आणि शीळ घालायला फोन नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणू शकले असते. परवाच एवढी तणतणले होते. पण खोटं कशाला बोलू, मलाही त्याला पाहायचं होतं. बाबांच्या वाटचं. मी फोन चालू करून दिला.

गाइडने तो स्पीकरला जोडला आणि शीळ लावली. उत्तर लगेच आलं, अगदी जवळून. बांबूच्या बुडाशी काहीतरी हललं. दंतवैद्यांनी श्वास रोखला, मीसुद्धा. किती वाजलेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

आणि त्या जंगलात, मोठ्या आवाजात, तुझे बाबा म्हणाले, "ऊठ गं. चहा ठेवलाय. गार होईल."

गाइड दचकला आणि फोनवर बोटं मारायला लागला, पण त्याला तो बंद करता येईना. बाबा पुन्हा म्हणाले. दंतवैद्याची बायको आधी हसली, मग माझं तोंड बघून थांबली. बाबा आणखी एकदा म्हणाले. आणि मी त्या सगळ्यांसमोर, दुर्बीण गळ्यात, पायमोज्यात विजार खोचलेली, मी म्हणाले, "आले."

दंतवैद्यांनी कॅमेरा खाली केला आणि पुटपुटले, "गेला. दोन दिवसांची मेहनत पाण्यात." त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही आता गप्प बसा." मी गाइडच्या हातून फोन घेतला आणि बंद केला. माझे गुडघे दुखतायत, तुम्ही वर जाऊन या, म्हणून एका मुळावर बसले. त्यांनाही तेच हवं होतं. माझ्याकडे बघायचं कसं हे कुणाला कळत नव्हतं.

ठमे, घरीही असंच होतं. तू आवाज घालून दिलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी "आले हो" म्हटलं, स्वयंपाकघरात गेले, आणि गॅसला हात लावून पाहिला. गार. वेडी नाही झाले मी. ते नाहीत हे मला माहीत असतं. रोज माहीत असतं. तरी रोज जाते. मग उभीच राहते आणि चहा राहून जातो. तू विचारतेस, आई, अशी वाळलीस का, सकाळी खातेस ना? आवाज येण्याआधी मी रडायचे, पण चहा घ्यायचे. हे तुला सांगवत नव्हतं. फोन बंद ठेवायला मला या डोंगरापर्यंत यावं लागलं.

मी बसले होते तिथे केशऱ्या आला.

बांबूतून उतरला आणि समोरच्या दगडावर बसला. हात लांब केला असता तर लागला असता. पोट खरंच केशरी आहे, पिकल्या पपईसारखं. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. गाइड जिथे उभा होता तिकडे बघत होता. चोचीत एक जाड अळी होती, म्हणजे घरी पिल्लं असणार. तोंड भरलेलं, तरी शीळ घालत होता. ती अर्धी, चेपलेली यायची. इकडे उडी, तिकडे उडी, झुडपामागे डोकावून यायचा, पुन्हा त्याच दगडावर. अळी तशीच चोचीत. गाइड म्हणाला होता थोडा वेळ शोधतो. थोडा वेळ नव्हता तो.

दुर्बीण लावायचं मला सुचलंच नाही. बाबांना जन्मभर दिसला नाही तो माझ्यासमोर होता, आणि मला वाटत होतं, याने आता जावं. शेवटी हळूच म्हटलं, "नाही रे कुणी. जा. पोरं उपाशी असतील."

माझ्या बोलण्याने नाही, त्याचा तो गेला.

सगळे खाली आले. वर धुक्याशिवाय काही मिळालं नव्हतं. दंतवैद्यांनी जरा मवाळ होत विचारलं, तुम्हाला इथे काही दिसलं का? मी म्हटलं, "पानं."

तुलाच पहिल्यांदा सांगतेय. बाबांना सांगितलं असतं, ते आता तुला.

मी तुझ्यावर रागावले होते, आणि राग तोंडावर काढता येत नव्हता, कारण तू चांगल्यासाठी केलंस. पण काल त्या मुळावर बसून एक लक्षात आलं. एवढंसं वाक्य वेगळं काढायला तू त्यांचा आवाज किती वेळा ऐकला असशील. एकटी बसून. माझ्यासाठी म्हणून. मी हे कधी विचारलंच नाही. तुला तो हवा असेल तर तुझ्याकडे ठेव, मनाला येईल तेव्हा ऐक. माझ्या सकाळींतून मात्र काढ. बटणं मला कळतात, आणि न कळली तरी वाचून शिकेन. पण ते माझ्या हातून व्हायला नको. तू ये आणि तुझ्या हाताने काढ.

रविवारी मी घरी पोचते. सोमवारी सकाळी ये. मी माझी उठेन आणि चहा ठेवेन. दोन कप. एक तुझा.

वेळेवर ये गं. गार होईल.

तुझी
आई