कपाटातला नवा माऊस

सोम. २० एप्रिल, धारणी
शाळेचा माऊस एकदा दाबला की दोनदा लागतो. बदलीच्या फॉर्मवर तिवसा निवडलं की टिक येते आणि लगेच जाते. सहा वर्षं झाली मेळघाटात. परी तिवशाला सासूबाईंजवळ. आता फोनवर मला, स्वतःच्या आईला, 'तुम्ही' म्हणते. शुक्रवारी फॉर्म बंद.

मंगळ. २१
पुसला, फुंकला, वायर दुसरीकडे लावली. ढिम्म. आतलं बटणच गेलंय. कपाटात नवा माऊस आहे, पेटीबंद. मुख्याध्यापक म्हणे, "जुना निर्लेखित, म्हंजे कागदावर बाद, झाल्याबिगर नवा कसा काढू, मॅडम? रजिस्टरले काय दाखवू?" मग जुना बिघडला असं लिहा की. "चालून तर राहिला." माझा आणते म्हटलं, तर खाजगी वस्तू सरकारी संगणकाला लावायची नाही. फॉर्म भरायचा त्यांच्याच लॉगिनमधून, शाळेच्याच संगणकावर.

गुरु. २३
अकोल्याला भावाला फोन. संगणक दुरुस्त करतो तो. "ताई, ट्रॅकबॉल पाठोतो, नुसता गोळा फिरवाचा." पोचेपर्यंत शनिवार, आणि तोही खाजगीच. मग त्याने कीबोर्डवरच्या आकड्यांनी बाण सरकवायला शिकवलं. पाच दाबलं की क्लिक. बाण मुंगीच्या पायाने जातो, पण जातो.

शुक्र. २४
पसंतीची तीस गावं आकड्यांनी भरली. बोटं आखडली. वर एक रिकामी ओळ राहिली, तिच्याखाली तिवसा. मुख्याध्यापक मागून वाकले. "सरका मॅडम, असं कुठवर करसान." ओळ काढायला माऊस एकदा दाबला. ओळ गेली, तिवसा वर सरकलं, दुसऱ्या क्लिकने तेही गेलं. मी थांबा म्हणेपर्यंत 'सादर करा'. तेही दोनदा. खात्रीचा प्रश्न वाचायच्या आत होकार गेला.
रडले नाही. डस्टर फेकला भिंतीवर.

शनि. २५
फॉर्मच्या दुरुस्तीला सोमवार पाचपर्यंत मुदत. पण मुख्याध्यापकांनी लिहून द्यायचं, माऊस नादुरुस्त होता. "मंग मले इचारतीन, नवा असून काहून नाई काढला? तुमीच लिवा न, माह्या हातून चुकलं." मेले तरी लिहिणार नाही.

सोम. २७
दुरुस्तीचा अर्ज सकाळी अकरापासून त्यांच्या टेबलावर. खुर्ची दारात आडवी टाकून बसलेय. सहा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला, सगळ्या शाळेने ऐकला, बरं झालं. साडेतीन वाजले. जेवायला जाऊ द्या म्हणतात.
म्हटलं, आधी सही.