केसरबाईचा टाक

दिंद्रुड, कार्तिक वद्य ५, शके १८५३

चि. गहिनीनाथास चतुराअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि. आमी इकडं बरे हाओत, तुजी खुशाली कळवीत जा. हैदराबादेला गेल्यापासून बहिणीला दोन ओळी लिवायला सवड न्हाई, नवाब झालास का काय?

काम असं हाय. लग्नात माज्या गळ्यात सवतीचा टाक घातला ते तुला ठावं हाय. चांदीवर केसरबाईचं तोंड कोरलेलं, गेलेलीचा जीव शांत ऱ्हावा म्हणून. तो टाक काळा पडतोय. दर शुक्रवारी राखेनं घासती, आठ दिसांत पुन्हा कोळसा. सासूबाई म्हणत्यात, केसर कोपली, तिची लेक दुसरीच्या हाताखाली तिला बघवंना. संक्रांतीपर्यंत टाक पांढरा झाला न्हाई तर मुक्ताला नेकनूरला आजोळी धाडणार. तुजे दाजी खाली मान घालून ऐकत्यात.

पोर चार वर्साची. तिला खरूज झालीय. दोन्ही वक्ताला गंधक तेलात खलून अंगभर चोळती, मग ती माज्या छातीशी निजती. तिच्यावाचून या घरात मला कुणी न्हाई. पण टाक उरावर जड होतो, वाटतं त्यातून कुणी श्वास घेतंय. लई भ्या वाटतं. केसरबाई काहून कोपली, तू शिकलेला हायेस, सांग.

तुजी, चतुराअक्का

हैदराबाद, मार्गशीर्ष शुद्ध २

ती. अक्काच्या चरणी गहिनीनाथाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. पत्र पोचलं.

अक्का, केसरबाई कोपलेली नाही. तो गंधक आहे, तुझ्याच हातचा. आमच्या किमियाच्या, म्हणजे रसायनाच्या, तासाला हेच चाललंय. चांदीचा अणू विजेचा एकच कण देतो, म्हणून त्यावर एक धन भार उरतो. गंधकाला दोन कण लागतात, त्यावर दोन ऋण भार. मग एका गंधकाला दोन चांदी मिळाल्याशिवाय बरोबरी होत नाही. झाली की जे तयार होतं ते काळं. यात भूत कुठं आलं?

राखेनं मात्र घासू नकोस. तो मळ नव्हे, त्यात टाकाचीच चांदी अडकलेली आहे. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात कढत पाणी, मीठ अन् धुण्याचा सोडा घाल, टाक बुडाला टेकव. जर्मनचा अणू तीन-तीन कण देतो. दोघांचे सहा होतात अन् तीन गंधकांना सहाच लागतात. गंधक जर्मनकडे जातो, चांदी जागेवर राहते. घाण वास येईल, भिऊ नकोस. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत कर. मुक्ताला माझा पापा.

तुझा, गहिनीनाथ

दिंद्रुड, माघ शुद्ध ३

चि. गहिनीनाथास आशीर्वाद वि. वि. तू लिवलंस तसं संक्रांतीच्या आदी समद्यांसमोर केलं. टाक पिठावानी पांढरा निघाला. सासूबाईंनी हात जोडले, टाक डोळ्याजवळ नेला, आन म्हणाल्या, “हिचं तोंड कुठं गेलं?”

नाक न्हाई, डोळे न्हाईत. वरीसभर मीच घासून नेलं. तुला म्हणून लिवती, नुसतं काळं काढत न्हवते. ते तोंड बघवत न्हवतं, म्हणून जोर लावायची. माजं चुकलं रे.

सासूबाईंनी सोनाराला बोलावून नवा टाक घडवायला सांगितला. त्यानं विचारलं, बाईचं तोंड कसं होतं. दाजी म्हणाले गोल, सासूबाई म्हणाल्या लांबट. तीन वर्सांत कुणालाच धड आठवंना. तवा सोनार म्हणाला, लेक आईवरच जाती, आन मुक्ताला समोर बसवून तिचंच तोंड कोरलं.

मेलेलीच्या टाकावर आता माज्या जित्या पोरीचं तोंड हाय. न्हाई म्हणाले असते तर त्याच दिशी तिला नेकनूरला धाडलं असतं. म्हणून परवा गळ्यात घातला. पोर इथंच ऱ्हायली.

खरूज अजून हाय, गंधक लावणं भाग हाय, आन टाक उतरवायची मुभा न्हाई. काळं पडणं म्हंजे कोप न्हवं, निस्ती बरोबरी, हे तुजं मला पटलंय. तरी टाक डाव्या मुठीत गच्च झाकून धरती, आन एकाच हातानं पोरीला गंधक लावती.

अक्कावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुजी, चतुराअक्का