बालिंटसाठी मेणबत्ती

बुडापेस्ट, २० ऑक्टोबर १९५५

प्रिय आई,

बाबांना एतेल्काताईच्या नवऱ्याबद्दल काही ठाऊक नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी विचारलंच नव्हतं.

बाबा इस्पितळात बरे आहेत, फक्त उशीखाली पाव लपवतात. रशियन छावणीबद्दल लिहिणार नाही अशी सही देऊन सुटलेत. लेखणीला हातही लावत नाहीत.

काल धीर करून विचारलं. म्हणाले, "बालिंट खाणीत माझ्या शेजारीच गेला गं. एवढा मोठा लेखक मी, पण एतेल्काला एवढं कळवणं माझ्याच्यानं होईना. तू समोर बसून सांग."

हे पत्र ताईला दाखवू नकोस. दूर मेलेल्यांसाठी स्मशानातल्या क्रुसापाशी मेणबत्त्या लावतात, तिथे ती अजून फिरकत नाही ना? तुझा खोकला कसा आहे?

मेणबत्ती मी आणते. सर्वसंतदिनी सकाळच्या गाडीने येईन आणि ताईला सांगेन. मंगळवारी, एक नोव्हेंबरला.

तुझी यूदित