रुमालाला पुसलेला हात

प्रिय फाइका ताई,
प्रभूची शांती तुझ्या घरात नांदो.

गुडघा सोडला तर मी बरी आहे. अलेक्झांड्रियाची हवा मानवली. तुझा रक्तदाब कसा आहे? खारवलेलं चीज अजून चोरून खातेस का?

रविवारी मात्र माझं डोकंच फिरलं. चर्चची झाडलोट करणारी सुदानी आचोल पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसली होती, माझ्या आणि चर्चमधलं बडं प्रस्थ असलेल्या मादाम ओदेतच्या मधे. उपासनेत शेजाऱ्याला शांतीचा हात द्यायची वेळ आली. आचोलने मादामला हात दिला. मादामने बोटं टेकवली आणि रीतीप्रमाणे स्वतःच्या ओठांना लावायची सोडून रुमालाला पुसली! वर मला म्हणते, "अहो, फिनेलचा वास येतो तिला."

"तुमच्याच चर्चची फरशी पुसून आलाय तो!" मी म्हटलं.

आचोल प्रभूभोजन न घेताच निघून गेली. ताई, ज्याने सगळ्यांसाठी रक्त सांडलं, त्याच्याजवळ जायला आता मादामची परवानगी काढायची? आपली आई चर्चच्या दारात मिळालेला आशीर्वादाचा पाव मोडून आधी शेजारणीला द्यायची.

रागाने मीही वेदीपाशी गेले नाही. नंतर आमच्या पाद्रींना, अबूनांना, सगळं सांगितलं, तर म्हणाले, "आधी मादामशी समेट करा, मग या." मी करायचा समेट! पण येशूने मादामसाठीही प्राण दिला आहे, त्याला मी काय करणार?

येत्या रविवारी आचोलला तिच्या घरून घेऊन जाईन, पुढच्या बाकावरच बसवीन, आणि मादामपुढे हातही मीच आधी करीन. तो हात हातच राहावा, थप्पड होऊ नये, एवढी प्रार्थना कर.

नातवंडांना पापे.
तुझी तापट धाकटी,
जॉर्जेट