शिवडीच्या चिखलातले सदतीस फोटो

प्रिय बाबा,

आईच्या सांगण्यावरून लिहितोय. परवा तिच्यापाशी एकदाचं सगळं ओकलो, तर ती म्हणाली, "माका सांगून काय उपेग? तेंका सांग." तुम्हाला कुठे गाठू? म्हणून हा कागद.

आधी वाईट बातमी. तुमच्या कॅमेऱ्याच्या कार्डावरचे शेवटचे सदतीस फोटो मी पाहिले. एकही चांगला नाही. सूर्य समोर ठेवून काढलेत, त्यामुळे पक्षी काळे. जे काळे नाहीत ते पांढरेफटक, पिसांचा पत्ता नाही. उडणारे सगळे हललेले. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग हजाराच्या वर लागतो, तुमचा साठावर होता! साठावर तर आपल्या गल्लीतली म्हातारी माणसंही हलतात, बाबा.

तुम्ही गेलात म्हणून ते फोटो सुधारलेले नाहीत. माझ्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र लगेच सुधारले. एकाने तुमचा जुना कावळा टाकला, तर खाली "अप्रतिम काका", "काय नजर होती!" यांची रांग. मीही लिहिलं, "नजर होती त्यांच्याकडे." तुमच्याबद्दल चारचौघांत मी काढलेला तो पहिला चांगला शब्द. तोही खोटा.

तुम्हाला हे खूळ लागलं कुठून? गिरणीत बदली कामगार, ती बंद पडल्यावर तीस वर्षं फोर्टातल्या ऑफिसात लिफ्टमन. निवृत्त झालात आणि आठ दिवसांत माझ्या कपाटातला जुना कॅमेरा हातात घेऊन विचारलंत, "ह्यो चलता काय रे?" मी म्हटलं, घ्या, नाहीतरी भंगारातच जाणार आहे. असं द्यायचं असतं का काही वडिलांना?

तुम्ही मात्र डिलाईल रोडच्या पुलावरून घारी टिपायला लागलात. राणीच्या बागेत दिवस दिवस काढलेत. घरी येऊन आईला कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर दाखवायचात आणि ती म्हणायची, "खंय आसा पक्षी?" तुम्ही बोट ठेवून दाखवायचात.

मी तेव्हा दर रविवारी दादरला हॉल घेऊन पक्ष्यांच्या फोटोग्राफीचा वर्ग चालवत होतो. हौशी मंडळींना शिकवायचो: भरती-ओहोटीची वेळ पाहिल्याशिवाय खाडीवर जाऊ नका. सूर्य पाठीशी ठेवा. कुठे जाताय ते घरात कुणाला तरी सांगा. चिखलात उतरू नका, आणि गमबूट घालून तर नकोच. बुटात चिखल शिरला की पाय निघत नाही. कितीजणांना पाठ करून घेतलं मी हे! तुम्हाला नाही. तुम्ही एकदा विचारलंत, "मी इलंय तर चलात?" मी म्हटलं, "बाबा, तिथे शिकलेली माणसं येतात. तुम्हाला कंटाळा येईल."

ग्रुपात घेतलं तेवढं. तेही आई मागे लागली म्हणून. तिथे मला बाळा म्हणू नका, सर म्हणा, असं बजावून.

फेब्रुवारीत तुम्ही शिवडीच्या जेट्टीवरून फ्लेमिंगो काढलेत. फोटोत अर्धं आभाळ, अर्धा चिखल आणि मध्ये गुलाबी ठिपक्यांची एक रेघ. खाली लिहिलंत, "पहिलाच प्रयत्न. सूचना कराव्यात."

मी सूचना केली. "पक्षी कुठे आहेत? सोबत दुर्बीण पाठवा. जवळ जायची हिंमत नसेल तर घरातल्या कॅलेंडरचे फोटो काढत बसा."

माणसं हसली. हसऱ्या तोंडांची ओळच लागली. त्या सगळ्यांच्या खाली तुमचे जोडलेले हात आले. "धन्यवाद सर."

मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलंय ते. त्यात टोमणा सापडत नाही. निदान एक टोमणा तरी ठेवायचात माझ्यासाठी!

सांगायची होती ती सूचना एवढीच होती: बाबा, जेट्टीवर बसून राहा. ओहोटीला पक्षी पाण्यामागे लांब जातात. भरती लागली की पाणीच त्यांना ढकलत काठाशी आणतं. दोन तास थांबलात तर ते तुमच्यापुढे येऊन चरतील. तुम्हाला थांबणं का जड होतं? तीस वर्षं स्टुलावर बसून तेच तर केलंत. एका ओळीचं काम होतं. पण त्या ओळीला कुणी हसलं नसतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी तुम्ही भाजी आणायला म्हणून निघालात. आईशी खोटं का बोललात? शिवडीला जातो म्हणाला असतात तर तिने मला फोन केला असता आणि मी वैतागून का होईना, भरतीची वेळ बघून सांगितली असती. त्या दिवशी ओहोटी संपत आली होती. जेट्टीच्या बाजूने तुम्ही चिखलात उतरलात, बरेच आत गेलात. पाय अडकले. मग पाणी फिरलं.

एका कोळ्याने तुम्हाला पाहिलं. चिखलावर फळी टाकून, तिच्यावर पालथा पडून तो तुमच्यापर्यंत आला. पाणी तुमच्या कमरेला होतं. बुडाला नाहीत तुम्ही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. कोळी मला म्हणाला, "म्हातारा हाक मारीत नव्हता हो. फोटो काढीत होता." पाणी चढलं तसा कॅमेरा तुम्ही पंचाने डोक्यावर बांधून ठेवला होतात. तो कोरडा होता. गमबूट चिखलातच राहिले.

का हाक मारली नाहीत? लाज वाटली? हिंमत दाखवत होतात मला?

मी कुणाला काही सांगितलं नाही. महिन्याभराने ग्रुपातला तो मेसेजही पुसायला गेलो. पुसता येईना, वेळ निघून गेली होती. मग मी ग्रुपच बंद करून नवा काढला. वर्ग पुन्हा सुरू केला. फी तीच, विनोद तेच.

आणि गेल्या रविवारी परत तेच केलं.

काळाचौकीच्या पेडणेकरबाई आहेत. पोस्टातून निवृत्त झालेल्या. नवऱ्यामागे एकट्याच राहतात. त्यांनी वडाळ्याच्या मिठागराकडे एक बगळा काढला होता. प्रिंट करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. मी तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणालो, "काकू, हा बगळा आहे की वाळत घातलेला बनियन?"

हॉल हसला. बाईही हसल्या. हसत हसत त्यांनी माझ्या हातातून प्रिंट घेतली, पिशवीत घातली, घडी नीट केली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, सर."

मी पुढचा फोटो बघायला घेतला, बाबा. थांबलो नाही. वर्ग संपेपर्यंत मला काही वाटलंही नाही. खाली उतरून चप्पल घालताना तुमचं "धन्यवाद सर" आठवलं, तेव्हा कळलं.

परवा आई कोलंबी सोलत बसली होती. मी समोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "बाबांना शिवडीच्या चिखलात मी घातलं." मेसेज सांगितला, शब्दाला शब्द.

तिचे हात थांबले नाहीत. "माका म्हायत आसा. तेंनी तो माका वाचून दाखवल्यानी. दोनदा."

"मग काय म्हणाले?"

"कायएक नाय. चष्मो पुसल्यानी. आणि माका इचारल्यानी, गमबूट खंय गावतत."

"तू सांगितलंस?"

"लालबागाक गावतत म्हटलंय. मीच गेलंय तेंच्यावांगडा."

मग मी विचारलं, "इतके महिने मला बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस काय?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलते ते जेवायला वाढण्यापुरतंच. बरोबरच आहे.

पेडणेकरबाई ग्रुपातून बाहेर पडल्यात. फोन उचलत नाहीत. मी तुम्हाला एक शब्द देतो, तुम्ही न मागता. उद्या सकाळी मी काळाचौकीला त्यांच्या दारात जाणार आहे. माफी मागेन. यायला तयार झाल्या तर त्यांना घेऊन भरतीच्या दोन तास आधी शिवडीला जाऊन बसेन, आणि त्यांच्या फोटोंबद्दल तोंड बंद ठेवेन. तुमची हकिगत सांगेन, माझ्या नावासकट. येत्या रविवारी वर्गालाही सांगेन. उरतील ते उरतील.

बाई दार उघडतीलच असं नाही. तुम्ही असतात तर लगेच उघडलं असतंत, आणि आईला चहा टाकायला सांगून मलाच सर म्हणाला असतात. मला तसल्याच माणसाची सवय आहे, बाबा. दार बंद राहिलेलं एकदा तरी मला बघायला हवं.

तुमचा,
बाळा